डवरणीआधी चायना इंजिनाचं ऑईल बघा

घाटावर असो की घाटाखाली, सोयाबीन-कपाशीच्या डवरणीला आता पॉवर वीडर दिसू लागला आहे. त्यावरचं पेट्रोल इंजिन बरेचदा चिनी बनावटीचं. पाटीवर '१७० एफ' असेल तर सिलिंडरचा व्यास ७० मिमी, स्ट्रोक ५५ मिमी, म्हणजे जवळपास २१२ सीसी. रचना होंडाच्या जीएक्स इंजिनावरून उचललेली; त्यामुळे प्लग, दोरी, कार्ब्युरेटर सहज मिळतात. पाटीवरचे '७ एचपी' मात्र विक्रेत्याचा दावा समजा.

'चायना माल, टिकणार किती!' असं म्हणून आपण मोकळे होतो. पण यातली कित्येक इंजिनं ऑईलवाचून मरतात. यात ऑईल पंप नसतो. कनेक्टिंग रॉडखालचा चमचा तळातलं ऑईल उडवतो, तेच वंगण. ऑईल जेमतेम ६०० मिली. ते कमी झालं किंवा उतारावर एका बाजूला गेलं की चमचा कोरडा फिरतो. नवं इंजिन बरेचदा ऑईल न भरताच येतं, म्हणून आधी ऑईल, मग दोरी. पहिलं ऑईल २० तासांनी काढून टाका, त्यात धातूचा कीस असतो. पुढे पुस्तिकेत १०० तास लिहिलेले असले तरी आपल्या धुळीत ५० तासच धरा. फोर स्ट्रोक आहे. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळू नका.

एअर फिल्टर काढून इंजिन चालवणारे मिस्त्रीही आहेत. त्यांचं ऐकू नका. बारीक माती पिस्टन-रिंग खाते. स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, ऑईलचे थेंब टाकून पिळा. काळा धूर आला तर आधी हा फिल्टर आणि चोक बघा.

टेम्पोत मशीन आडवं टाकून आणलं आणि दोरी ओढली जाईना, तर जोर करू नका. ऑईल सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. प्लग काढा, दोरी हळू ओढून ते बाहेर पडू द्या, प्लग पुसून परत बसवा. निळसर धूर थोडा वेळ येईल, मग जाईल.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. कार्ब्युरेटरच्या वाटीत हे पेट्रोल तसंच राहिलं, तर पुढच्या हंगामात ऐन डवरणीला मिस्त्रीच्या दारात रांग लावावी लागते.