पाठ उघडी, कान उघडे

महाग वस्तू चांगली असणारच, ही आपली समजूत कापड, चपला आणि घड्याळे यांच्या बाबतीत थोडीफार खरी ठरते. कानाच्या बाबतीत ती फारशी टिकत नाही. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजमापे त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. खर्जापासून तारेपर्यंतचे सगळे स्वर हेडफोन किती प्रमाणात देतो आणि तो किती रुपयांना मिळतो, या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. जाहिरातींना हे सांगण्याचे कारण नाही. म्हणून ते ज्याचे त्याने आपल्या कानांनी पडताळून पाहायला हवे, आणि ते पाहता येते, असे माझे म्हणणे आहे.

मी हे लिहितो आहे ते पुलगावहून. वर्धा नदीच्या काठचे, मुंबई-हावडा लोहमार्गावरचे आणि लष्कराच्या दारूगोळा भांडारामुळे देशाला ठाऊक असलेले हे गाव. एकेकाळी येथे गिरणीच्या भोंग्यावर लोक घड्याळ लावीत. गाण्याची आवड असलेल्याला चांगली मैफल ऐकायची तर शंभरावर किलोमीटर दूर नागपूर गाठावे लागते, आणि परतीच्या गाडीकडे लक्ष ठेवून शेवटची भैरवी अर्धीच सोडून उठावे लागते. निरनिराळे हेडफोन कानाला लावून पाहता येतील असे दुकान येथे माझ्या पाहण्यात नाही. पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी नोकरी गेली. गाण्याचा नाद त्याआधीचा. तेव्हा हेडफोन ही माझ्यासारख्याची चैन नसून मैफलीला मिळालेली जागा आहे. ती जागा खांबाआड आहे की समोर, याची चौकशी करणे ओघानेच आले.

हेडफोनांच्या मुख्य जाती दोन: बंद पाठीचे आणि उघड्या पाठीचे. आत एक पातळ पडदा असतो. त्याला चिकटवलेले तारेचे वेटोळे चुंबकापाशी हलते आणि पडदा हवा ढकलतो. तो जितकी हवा कानाकडे ढकलतो तितकीच पाठीमागेही. या मागच्या हवेचे करायचे काय, हा सगळा प्रश्न आहे. बंद जातीत मागे डबी असते. मागचा आवाज तिच्या भिंतींवर आपटून थोडाफार परत येतो, आणि गाणारा माणूस कोठीच्या खोलीत बसून गातो आहे असे वाटू लागते. उघड्या जातीत मागे नुसती जाळी असते. मागचा आवाज निघून जातो, पडदा मोकळा हलतो आणि गाण्याभोवती हवा असल्याचा भास होतो. विश्वास बसत नसेल तर गाणे चालू असताना दोन्ही जाळ्यांवर तळहात ठेवून पाहावे. गाणे लगेच डब्यात शिरते.

ही कल्पना तशी जुनी. नाथानिएल बाल्डविन या अमेरिकन गृहस्थाने १९१० साली घरी बनवलेले हेडफोन त्यांच्या नौदलाला पुरवले. त्यांचे काम संदेश ऐकण्याचे होते. संगीतासाठीचे पहिले स्टिरिओ हेडफोन जॉन कॉस यांनी १९५८ साली मिलवॉकीत आणले. उघड्या पाठीचा पहिला प्रसिद्ध हेडफोन म्हणजे जर्मनीच्या सेनहायझर कंपनीचा १९६८ सालचा एचडी ४१४. पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा आणि वजनाला हलका. १९७९ साली सोनीचा वॉकमन आला तोही असाच हलका, कान पूर्ण न झाकणारा स्पंजचा हेडफोन घेऊन. त्या पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन लावण्याची सोय होती, आणि एक केशरी बटनही. ते दाबले की गाणे मंद होई आणि समोरच्याचे बोलणे ऐकू येई. एकट्याने ऐकणे समोरच्याला उद्धटपणाचे वाटेल, याची काळजी तेव्हा यंत्र बनवणाऱ्यांनाही होती. या बटनाकडे आपण पुढे परत येऊ.

आता तुलनेविषयी. दोन हेडफोन आळीपाळीने कानाला लावून ‘हा छान, तो बरा’ म्हणणे ही तुलना नव्हे. कानाची एक खोड आहे. तेच गाणे किंचित मोठे वाजले की ते कानाला चांगले वाटते. एखाद्या डेसिबलचा फरकही पुरतो. ऐकणाऱ्याला तो ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘खुलासेवार’ म्हणून जाणवतो. शिवाय आवाज वाढवला की खर्ज अधिक भरतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवले आहे. तेव्हा पहिले काम पातळी सारखी करण्याचे. मी पुठ्ठ्याच्या चकतीला भोक पाडून त्यात मोबाइलचा मायक्रोफोन बसवतो, हेडफोनची गादी चकतीवर टेकवतो आणि एकाच सुराची पट्टी वाजवून दोन्हींचे आकडे जुळवतो. प्रयोगशाळेची अचूकता यात नाही, पण मोठ्या आवाजाची लबाडी संपते. दुसरे काम डोळे बांधण्याचे. कोणता जोड कानावर आहे हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. आम्ही चौघे मित्र रविवारी जमतो. एक जण लावून देतो, एक जण वहीत लिहितो. तुकडा अर्ध्या मिनिटाचा, आणि तोच तो. माझ्याकडे आज तीन जोड आहेत. त्यांतला अडीच हजारांचा उघड्या पाठीचा जोड डोळे बांधल्यावर चौपट किमतीच्या बंद जोडाला बहुतेक वेळा मागे टाकतो.

ऐकायचे काय? परीक्षेसाठी तानपुऱ्याइतका कठोर परीक्षक मला दुसरा आढळला नाही. चार तारांतून उमटणाऱ्या असंख्य उपस्वरांपैकी एखादा पट्टा हेडफोनने फुगवला, तर तानपुरा डासासारखा गुणगुणतो. दाबला, तर तो मुका होतो. त्यानंतर तबल्याची चाट आणि बायाची मींड. शेवटी माणसाचा गळा. किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐकताना श्वास कुठे घेतला हे कळावे, पण तोच कानात घुसू नये, इतकी माफक अपेक्षा.

माझा अडीच हजारांचा जोड आणला तेव्हा या परीक्षेत काठावर होता. खर्ज समाधानकारक, मधले स्वर उत्तम, पण ‘स’ उच्चारला की शिट्टी वाजे. पडद्यापुढे कागदी रुमालाचा एक पदर, फक्त एक, गादीच्या आत बसवला. पातळ सच्छिद्र कागद तार सप्तकाच्याही वरच्या भागाला हलका अटकाव करतो, खालच्याला फारसा धक्का लावत नाही. दोन पदर लावले की गाण्यावर पांघरूण पडते. दुसरी दुरुस्ती गादीची. वापरून चेपलेली गादी कान पडद्याच्या जवळ नेते आणि सगळा समतोल बदलतो. नवी गादी हाही एक फेरफारच. मखमली गादी उन्हाळ्यात सुखाची, पण तिच्या कडेतून हवा निसटते आणि पडद्याच्या पुढची आणि मागची लाट एकमेकींना खाऊन टाकतात. परिणामी खर्ज उतरतो. रेक्झिनची गादी खर्ज धरते आणि कान घामाने भिजवते. आतला स्पंज काही वर्षांत भुगा होतो, तो बदलावा.

फेरफाराचे माझे नियम तीन. एका वेळी एकच बदल. बदल आधी एकाच कानाला करावा, दुसरा कान होता तसा ठेवावा आणि जुनी मोनो ध्वनिमुद्रिका लावावी. दोन्ही कानांना तेच गाणे जात असल्याने फरक लपत नाही. आणि परत फिरता येईल असेच काम करावे. कागद काढता येतो, गादी बदलता येते. प्लॅस्टिकला पाडलेले भोक बुजत नाही.

यावर आक्षेप येतो, की मोबाइलमध्ये स्वर कमीजास्त करण्याची सोय असताना ही कात्री-कागदाची कारागिरी कशाला? आक्षेप चूक नाही. ज्याला कात्री नको त्याने ती सोय जरूर वापरावी. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. पण ती सोयही काय कमी करायचे आहे हे ज्याला ऐकू येते त्याच्याच उपयोगाची. कागदाचा पदर लावता-काढताना ते ऐकू यायला लागते. हेडफोन सुधारतो थोडा, कान सुधारतो फार.

आणि हा उद्योग परदेशी छंद आहे असेही कोणी समजू नये. मिरजेच्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथले कारागीर पंढरपूरकडच्या भोपळ्यापासून वाद्य उभे करतात, पण वाद्य बोलू लागते ते शेवटी, जवारी काढताना. घोडीचा माथा कानसेने हळूहळू घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवायचा. तो केसभर पुढेमागे केला की बोदा आवाज खुलतो आणि तानपुरा भरून बोलू लागतो. त्या दोऱ्याला आपण ‘जीव’ म्हणतो. एका दोऱ्यावर आवाज फिरतो हे ज्या प्रांताला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याने एका कागदाच्या पदराला हसण्याचे कारण नाही.

इथवर सगळे ठीक. पण उघड्या पाठीची एक अडचण आहे, आणि माझ्या मते खरा मुद्दा तिथेच आहे. जाळीतून आवाज बाहेर जातो तसा बाहेरचा आत येतो. वैदर्भीय उन्हाळ्यात कूलर चालू झाला की या हेडफोनचे नाजूकपण संपते. चैत्र-वैशाखातली दुपार त्याच्या कामाची नाही. ते निसर्गाचे देणे म्हणून सोडून देऊ. पण हिवाळ्याच्या रात्री, कूलर बंद, पंखा बंद, मालगाडीही गेलेली, अशा वेळी लग्नाच्या वरातीचा डीजे थेट माझ्या तानपुऱ्यात येऊन बसतो. मग दोनच मार्ग उरतात. एक, आवाज वाढवणे. ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास, हे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रौढांसाठीचे प्रमाण. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा. दाब इतका वाढवत गेलो तर ऐकायला कान उरणार नाहीत. दुसरा मार्ग, भोवतालचा गोंगाट पुसून टाकणारा बंद हेडफोन घेणे. पुष्कळांनी तो घेतला आहे. प्रवासात मीही त्याला नावे ठेवणार नाही.

पण घरोघरी तो गेल्यावर काय होते ते पाहा. ज्यांना परवडले त्यांनी पिण्याच्या पाण्याच्या कॅन लावल्या आणि नळाच्या पाण्याविषयी बोलणे सोडले. ज्यांना परवडले त्यांनी इन्व्हर्टर बसवला आणि भारनियमनाची चीड मावळली. शांततेचे तेच होऊ घातले आहे. ज्याला गोंगाटाचा सर्वांत जास्त त्रास होतो, तो माणूस कान मिटून बाजूला झाला, तर तक्रार करणार कोण? तान्हे मूल, परीक्षेचा विद्यार्थी आणि दम्याचा म्हातारा यांना हेडफोन लावून भागत नाही.

कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकारला वर्षातले फार तर १५ दिवस बाराची सवलत देता येते. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येते. उत्सवाला माझा विरोध नाही. टाळ, ढोल, बँड यांच्यावर हे गाव वाढले आहे. पण दहा म्हणजे दहा, एवढे तर म्हणता येईल.

शिवाय आमच्या गावाला उघड्या कानांची आणखी एक गरज आहे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर दारूगोळा भांडारात आग लागली आणि स्फोट झाले. जवान आणि अग्निशामक दलाची माणसे प्राणाला मुकली. आसपासच्या खेड्यांतले लोक त्या आवाजांनी उठून मुलाबाळांसह बाहेर पडले. मी ते रोजच्या भीतीसाठी सांगत नाही. रोजची गोष्ट साधी आहे: शेजारच्या खोलीत माझी ऐंशी ओलांडलेली आई असते. तिची हाक जाळीतून येते, गाण्याच्या वरून येते. वॉकमनचे ते केशरी बटन उघड्या पाठीच्या हेडफोनात न दाबताच दाबलेले असते. एकट्याने ऐकावे, पण घरातून उठून जाऊ नये, हा तोल मला मोलाचा वाटतो.

म्हणून उघड्या पाठीचा हेडफोन वापरणाऱ्यांनी, म्हणजे आम्ही, नुसती गाद्यांची आणि कागदांची चर्चा करून थांबू नये. पडद्यापुढची दुरुस्ती आपल्या हातात आहे. जाळीपलीकडची दुरुस्ती पोलीस ठाण्यात, नगर परिषदेत आणि मांडवातल्या कार्यकर्त्यांशी बसून करायची आहे. ती भांडून होत नाही असा माझा अनुभव आहे. दोन दिवस आधी जाऊन, नावाने हाक मारून, चहा घेत बोलले तर निदान स्पीकरचे तोंड फिरते.

मला याहून महाग जोड नको आहे. दहानंतर नियमाप्रमाणे भोंगे बंद झाले, तर अडीच हजारांचा, कागदाचा एक पदर लावलेला हा हेडफोन मला पुरेसा आहे.