रिंग एवढीशी, पण...

गेल्या गुरुवारी रात्रीची जेवणं आटोपली आणि आमच्या लेकीने डायनिंग टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं. पिशवीतून बाहेर काढली ती चक्क बंदूक! मी दचकलेच. "आई, बंदूक नाही गं, मार्कर म्हण," ती हसत म्हणाली.

कॉलेज सांभाळून शनिवार-रविवार ती एका रिसॉर्टच्या पेंटबॉल मैदानावर काम करते. पेंटबॉल म्हणजे रंग भरलेल्या जिलेटिनच्या गोळ्या एकमेकांवर मारण्याचा खेळ. मार्कर मुळात अमेरिकेत झाडांवर, गुरांवर लांबून रंगाची खूण करायला बनवलेलं. १९८१ साली न्यू हॅम्पशायर राज्यात बारा जणांनी ते घेऊन रानात खेळ मांडला आणि तिथून तो जगभर पसरला. आता आपल्याकडेही ऑफिसच्या सहली आणि वाढदिवसांना तो खेळतात.

तर मैदानावरची दोन मार्कर्स बरेच महिने बंद होती. "भंगारात काढायची" असं मालक म्हणाले, तेव्हा ही मागून घेऊन आली.

"तुला कशाला हे तेलकट काम? तिथली मुलं बघतील की," हे पेपरातून मान वर न करता म्हणाले. तिथेही असंच आहे म्हणे. पाने-स्क्रू ड्रायव्हर मुलांच्या हातात आणि मुली काउंटरवर, फॉर्म भरून घ्यायला, गॉगल वाटायला. तिने उत्तर दिलं नाही. माझा जुना मसाल्याचा डबा तेवढा मागून घेतला. एकेक भाग काढायचा, मोबाइलवर फोटो घ्यायचा आणि क्रमाने एकेका वाटीत ठेवायचा. हळदीच्या वाटीत स्प्रिंग, मोहरीच्या वाटीत स्क्रू!

मी भांडी पुसता पुसता बघत होते. मार्करला दाबाने भरलेल्या हवेची नाहीतर कार्बन डायऑक्साइडची बाटली लागते. ट्रिगर दाबला की स्प्रिंगच्या जोरावर हातोडीसारखा एक भाग व्हॉल्व्हवर आपटतो, थोडा वायू सुटतो आणि गोळी बाहेर फेकली जाते. हा दाब धरून ठेवतात त्या छोट्या छोट्या रबरी रिंगा, ओ-रिंग. एका मार्करमध्ये बाटलीच्या तोंडाशी फुसफुस होत होती, कारण तिथली रिंग चिरली होती. दुसऱ्यात गोळ्या आतच फुटत होत्या. एका वेळी एकच गोळी पुढे जावी म्हणून एक इवलासा अडसर असतो, तो झिजला होता. दोन्ही भाग नखाएवढे. तेवढ्यासाठी अख्खी यंत्रं भंगारात निघाली होती!

"अगं, ही तर आपली कुकरची रिंग!" माझ्या तोंडून निघून गेलं.

आणि खरंच की हो. रिंग, स्प्रिंग, व्हॉल्व्ह यांच्याशी रोजचा संबंध आपल्याइतका कुणाचा येतो? रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आमच्या सासूबाई रिंग फ्रीजरमध्ये ठेवून आणखी आठ दिवस रेटायच्या. मीही रेटलं आहे. पण काही ठिकाणी अशी रेटारेटी महागात पडते. आमच्या शेजारच्या वहिनींचा कुकर उडाला होता. वाफेचं भोक डाळीच्या सालांनी बुजलेलं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जत्रेतून आणलेला, भलत्याच मापाचा. वहिनी दूधवाल्याशी बोलायला दारात गेल्या होत्या म्हणून वाचल्या. छतावरचे वरणाचे डाग पुढे कितीतरी दिवस दिसत होते. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला, हे चांगलंच झालं. पण नंतर आपण त्यात कसला व्हॉल्व्ह बसवला, हे बघायला सरकार आपल्या ओट्यापाशी येणार नाही.

मार्करचंही तसंच. लेक सांगत होती, बाटली काढल्यावरही आत वायू उरतो. म्हणून डोळ्यांवर गॉगल चढवायचा, मोकळ्या दिशेला तो सोडून द्यायचा आणि मगच स्क्रूला हात लावायचा. (ते काम तिने मैदानावरच उरकलं होतं.) वाफ उतरल्याशिवाय झाकण उघडू नये, तसंच हे. दुरुस्तीनंतर गोळीचा वेग मोजायचा. सेकंदाला ३०० फुटांच्या वर तो जाऊ द्यायचा नाही. आणि हाताला लागेल ते तेल घालायचं नाही, काही तेलांनी रिंगा फुगतात, खराब होतात.

यावरून मला आमच्या बचत गटातल्या शिलाई मशिनी आठवल्या. कुणीतरी खोबरेल तेल घातलं आणि थंडीत मशीन जाम! कारागीर चार दिवसांनी उगवायचा, तोवर बाईची चार दिवसांची कमाई बुडालेली. शेवटी आम्ही त्याच कारागिराला बोलावून एक दुपार सगळ्यांना बॉबिन केस काढायला, पट्टा बदलायला शिकवायला लावलं. बायका पटापट शिकल्या. अवघड वाटला तो फक्त पहिला स्क्रू.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. बारीकसारीक भाग वेळेवर बदलणं हा खर्च नव्हे, ती काळजी आहे. आणि ही काळजी आपण बायका जन्मभर घेत आलो, पण तिला कुणी 'तांत्रिक ज्ञान' म्हटलं नाही. आपणही नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, वस्तूंची दुरुस्ती आणि सुटे भाग यांची माहिती एका जागी मिळावी म्हणून. पण घरातला स्क्रू ड्रायव्हर मुलाच्या हाती आणि झाडू मुलीच्या हाती असेल, तर त्या माहितीचा आपल्या मुलींना काय उपयोग?

रविवारी तिचा फोन आला. "आई, दोन्ही चालली!" मालक खूश. दुरुस्तीचं टेबल आता तिच्याकडे आहे. काउंटरही आहेच. पगार मात्र अजून काउंटरचाच! त्याबद्दल या शनिवारी ती बोलणार आहे, आणि बोलायलाच हवं असं मी तिला बजावलं आहे. यावेळी हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "बरोबर आहे तिचं."

मी त्याच दिवशी बाजारात जाऊन कुकरची नवी रिंग आणि कंपनीचा व्हॉल्व्ह घेऊन आले. मैत्रिणींनो, तुमचा व्हॉल्व्ह शेवटचा कधी बदललात? आठवत नसेल, तर आज वरण लावण्याआधी एकदा बघाच. आणि बघताना लेकीलाही जवळ बोलवा.