वॉशरच्या टाकीतले ऋतू

गाडीच्या पुढच्या काचेवर उडणारे पाणी बॉनेटखालच्या एका प्लास्टिकच्या टाकीतून येते. तिच्या झाकणावर काच आणि कारंजे अशी खूण असते, आणि बहुतेक गाड्यांत तिच्यात दोन ते चार लिटर पाणी मावते. तळाशी छोटा विजेचा पंप, तिथून निघालेली नळी, आणि बॉनेटवर किंवा वायपरच्या दांडीवर बारीक भोकांचे नोझल, एवढाच हा पसारा. गाडी सर्व्हिसिंगला गेली की ही टाकी नळाच्या पाण्याने भरली जाते आणि पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत तिची आठवण कोणाला होत नाही. इंजिन ऑइल कोणत्या ग्रेडचे घातले हे खोदून विचारणारा गाडीमालकही या टाकीत काय गेले हे विचारत नाही. पण पावसात समोरून ट्रक येत असताना घाटातले वळण दिसेल की नाही, हे पुष्कळदा याच टाकीवर ठरते.

वॉशर फ्लुइड म्हणजे मुख्यतः पाणीच. त्यात थोडे सर्फॅक्टंट असते, म्हणजे साबणाच्या जातीचे पण फेस कमी होईल असे द्रव्य. थंड प्रदेशासाठी बनवलेल्या फ्लुइडमध्ये अल्कोहोल असते, आणि शेवटी रंग व वास. सर्फॅक्टंटमुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, पाणी मळाखाली शिरते आणि तेलाचे कण काचेपासून सुटतात. अल्कोहोल पाण्याचा गोठणबिंदू खाली नेते. तेव्हा ऋतूप्रमाणे फ्लुइड निवडताना दोनच गोष्टी पाहायच्या: पारा किती उतरणार आणि काचेवर कोणता मळ बसणार. महाराष्ट्रात पहिला प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही. निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेला किंवा महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठले, की त्याची बातमी होते, इतके ते विरळ. मळ मात्र दर तीन-चार महिन्यांनी बदलतो. ‘उणे 30 अंशांपर्यंत’ असे मोठ्या अक्षरांत छापलेली बाटली नागपूरच्या गाडीमालकाने महाग आहे म्हणून चांगली समजून घेणे चुकीचे आहे. त्या आकड्याचे पैसे मोजून त्याला इथे काहीच मिळत नाही.

फ्लुइडआधी पाण्याचा विचार करायला हवा. कॉन्सन्ट्रेट कितीही चांगले असले तरी टाकीतला मोठा भाग पाण्याचा असतो, आणि दख्खनच्या पठारावरचे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत सूट आहे. पिण्यासाठी ही सूट ठीक असली तरी काचेला ती मानवत नाही. उन्हात तापलेल्या काचेवर असे पाणी पडले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. वायपरच्या कमानीच्या कडेला पांढरट रेघ दिसते ती याच क्षारांची. नोझल जवळून पाहिले तर भोकाभोवती चुन्यासारखे बारीक कडे जमलेले असते. ते वाढत गेले की फवारा वाकडा होतो, काचेऐवजी टपावर पडतो, आणि एक दिवस बंदच होतो. मग टाचणी घेऊन भोक कोरावे लागते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरले तर हा प्रश्नच राहत नाही. घरात आरओ असेल तर ते पाणीही चालते. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी क्षारमुक्त असते, पण त्यात धूळ आणि जंतू असतात, त्यामुळे ते भरू नये.

जंतूंची गोष्ट इथेच सांगायला हवी. लेजिओनेला हा फुप्फुसाचा गंभीर आजार घडवणारा जिवाणू साचलेल्या कोमट पाण्यात, साधारण 20 ते 45 अंशांच्या दरम्यान वाढतो आणि पाण्याच्या सूक्ष्म तुषारांवाटे श्वासात जातो. 2010 साली ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेतील संशोधकांनी या आजाराचे रुग्ण आणि वॉशरच्या टाकीतले नुसते पाणी यांचा संबंध दाखवून दिला. टाकीत फ्लुइड मिसळणाऱ्यांना हा धोका कमी होता. बॉनेटखालची टाकी महाराष्ट्रात वर्षाचा बहुतेक काळ याच तापमानात असते. नुसते पाणी भरून महिनोन्‌महिने तसेच ठेवणे म्हणूनही वाईट.

फ्लुइड नको म्हणून घरगुती उपाय निघतात. सर्वांत लाडका उपाय म्हणजे शाम्पूची पुडी: दात लावून फाडायची, टाकीत पिळायची, वर पाणी ओतायचे. पहिले दोन दिवस काच लख्ख वाटते. पण केस मऊ राहावेत म्हणून पुष्कळ शाम्पूंत सिलिकोन आणि कंडिशनर घातलेले असते. ते काचेवर थर धरते, आणि रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश त्या थरावर पसरून सगळी काच पांढरी होते. वायपर खरखर आवाज करत उड्या मारू लागतो, तोही याच थरामुळे. भांडी घासायच्या लिक्विडचे दुखणे वेगळे. त्याचा फेस फार होतो, तो वाळून बॉनेटवर ओघळ उमटतात आणि रंगावरचे वॅक्स निघते. शंभर लिटर पाण्यात एक लिटर पुरणारे कॉन्सन्ट्रेट वापरले तर टाकीमागे खर्च मामुलीच येतो, त्यामुळे पुडीने फारसे काही वाचत नाही.

उन्हाळ्यात काचेवर धूळ बसते. मार्च ते मे या काळात विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशीपार असतो आणि रस्त्याकडेची माती सतत उडत असते. धुळीत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात; मोह्झच्या मापावर त्यांची कठीणता 7, तर काचेची साधारण साडेपाच. कोरड्या काचेवर वायपर फिरवणे म्हणजे काचेवर पॉलिशपेपर फिरवणेच. पडलेले ओरखडे दुपारी दिसत नाहीत. संध्याकाळी पश्चिमेकडे गाडी चालवताना ते कमानीसारखे उजळतात, आणि एकदा पडलेला ओरखडा सहसा निघत नाही. म्हणून या दिवसांत भरपूर पाणी आधी आणि वायपर नंतर. कॉन्सन्ट्रेट सौम्य असावे, अल्कोहोल शक्यतो नसावे. अल्कोहोल तापलेल्या काचेवरून झटकन उडून जाते आणि वायपर अर्ध्यावर पोचेपर्यंत मळ पुन्हा चिकटतो. कोकण किनाऱ्यावर धुळीच्या जोडीला खारे वारे असतात. मालवण, रत्नागिरीकडे सकाळी काचेवर बसलेला धुरकट थर मिठाचा असतो. मीठ पाण्यात विरघळते, त्यासाठी वेगळे काही लागत नाही.

खरी परीक्षा पावसाळ्यात होते. मृगाचा पहिला पाऊस पडतो तेव्हा रस्त्यावर आठ महिन्यांचे सांडलेले ऑइल, टायरची भुकटी आणि डिझेलची काजळी साचलेली असते. पुढच्या ट्रकच्या चाकांनी ती सगळी चिखलासकट मागच्या गाडीच्या काचेवर उडते. काचेवर आधीच तेलकट थर असला की पाणी पसरत नाही, त्याचे मणी होतात, आणि वायपर फिरला की ते मणी इंद्रधनुषी रेघा होऊन पसरतात. कसारा घाटात रात्री समोरून हेडलाइट आला तर दोन-तीन सेकंद काही म्हणजे काही दिसत नाही. जुने ट्रकचालक कापलेला बटाटा किंवा तंबाखू काचेवर चोळतात, त्यामागे अनुभव आहे. चोळण्याने थोडे तेल निघते, आणि बटाट्यातल्या स्टार्चचा पातळ थर राहून पाण्याचे मणी न होता ते सपाट पसरते. चांगले सर्फॅक्टंट हेच काम अधिक नीट करते, तेही गाडी न थांबवता.

पाऊसच पडतोय तर वॉशर कशाला, असे पुष्कळांना वाटते. पण वॉशरची सर्वांत जास्त गरज पाऊस थांबल्यावर असते. रस्ता ओला, वर पाणी नाही, आणि पुढची गाडी चिखल उडवत चाललेली. अशा वेळी वायपर लावला की काच लिंपल्यासारखी होते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत टाकी दर आठवड्याला पाहावी, आणि कॉन्सन्ट्रेट बाटलीवर दिलेल्या कमाल प्रमाणात घालावे. त्याआधी मे महिनाअखेर काच एकदा हाताने स्वच्छ धुऊन घ्यावी आणि वायपरचे रबर ओल्या फडक्याने पुसावे. फडक्यावर येणारी काळी रेघ पाहिली की इतके दिवस काचेवर काय फिरत होते ते कळते. पाणी घसरून जावे म्हणून सिलिकोन घातलेले फ्लुइडही मिळते. मोकळ्या महामार्गावर वेगात ते उपयोगी पडते, कारण मणी वाऱ्याने उडून जातात. मुंबई-पुण्याच्या मुंगीच्या चालीत मात्र मणी जागेवरच राहतात, त्यामुळे शहरात गाडी चालवणाऱ्याने ते टाळलेले बरे. काच आतून धुरकटते त्यावर या द्रवाचा उपाय नाही. तिथे एसीच लावावा लागतो.

पाऊस सरला की किडे येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भिजलेल्या शेतांतून जाणाऱ्या रस्त्यावर रात्री तासभर गाडी चालवली तर काच चिलटे आणि पतंगांनी भरून जाते. किड्यांच्या शरीरातली प्रथिने वाळून काचेला घट्ट चिकटतात, सकाळच्या उन्हाने आणखी पक्की होतात. त्यावर वायपर दाबून उपयोग नाही. किड्यांसाठी वेगळे बनवलेले फ्लुइड मिळते. ते फवारून मिनिटभर मुरू द्यावे, मग वायपर. ते नसेल तर गाडी उभी केल्याबरोबर ओले फडके काचेवर दहा मिनिटे पसरून ठेवावे. इथल्या हिवाळ्यात याहून वेगळे काही करावे लागत नाही.

महाराष्ट्रातली गाडी हिमालयात गेली की हिशेब पालटतो. 3 ऑक्टोबर 2020 रोजी 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून लाहौलमध्ये हिवाळ्यातही पोचता येते, आणि एमएच पासिंगच्या गाड्या तिथे नेहमी दिसतात. लेहला जानेवारीच्या रात्री पारा उणे 15 च्या आसपास जातो. निघताना कूलंट तपासले जाते, बॅटरी तपासली जाते, वॉशरची टाकी राहते. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. टाकी चिरते किंवा पंपाचे कवच फुटते. नळीत बर्फ असताना बटण दाबत राहिले तर पंप जळतो. घाबरून काचेवर उकळते पाणी ओतले तर काचच तडकते. टाकीत कूलंट ओतणे हाही मार्ग नाही, कारण त्यातल्या ग्लायकोलचा काचेवर चिकट पडदा धरतो.

तिथे अल्कोहोलचे फ्लुइडच हवे, आणि अपेक्षित थंडीपेक्षा दहा अंश खालचे घ्यावे. फवारलेल्या द्रवातले अल्कोहोल वाऱ्याने आधी उडते, काच आणखी थंड होते, आणि उरलेले पाणी बाटलीवरच्या आकड्याच्या बरेच आधी गोठते. कॉन्सन्ट्रेट असेल तर तो आकडा बहुधा पाणी न मिसळता वापरायचा असतो; किती पाण्याला किती अंश, हे बाटलीमागच्या तक्त्यात पाहावे. निघण्यापूर्वी जुने पाणी फवारून संपवावे आणि नवे भरल्यावर बटण दाबून ते नोझलपर्यंत आणावे. टाकीत नवे आणि नळीत जुने राहिले तर नळीच गोठते.

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे रोजचेच. अमेरिकेत सर्वत्र मिळणारे निळे फ्लुइड उणे 20 फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे 29 सेल्सिअसपर्यंत चालते. कॅनडात उणे 40 चेही मिळते. या स्वस्त फ्लुइडांत बहुधा मिथेनॉल असते, आणि मिथेनॉल हे विष आहे. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, ते डोळ्यांच्या नसा जाळते आणि जीवही घेते. 2015 साली मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे दगावली ती दारूत मिसळलेल्या याच मिथेनॉलने. युरोपीय संघाने सामान्य ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या वॉशर फ्लुइडमध्ये ते वजनाच्या 0.6 टक्क्यांहून कमी असावे असा नियम 2018 साली केला, त्यामुळे तिथे इथेनॉल वापरतात. मिथेनॉल नसलेली बाटली मिळत असेल तर थोडे पैसे जास्त देऊन तीच घ्यावी. गाडीच्या आत येणारी हवा काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून येते, म्हणून अल्कोहोलचे फ्लुइड फवारताना हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण दाबून ठेवावे. उरलेले फ्लुइड पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नये. मूळ बाटलीत, मूळ लेबलासकट, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवावे. हिमालयातून परत आलेल्या गाडीची टाकी उन्हाळ्यापूर्वी रिकामी करून डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य कॉन्सन्ट्रेटने पुन्हा भरावी.