लाल कांदा आणि दोनशे तास

दाजींचा फोन सहसा दोनच कारणांनी येतो. बागेवर पाऊस झाला तर, नाहीतर घरात कुणाचं लग्न ठरलं तर. गेल्या महिन्यात आला तेव्हा यातलं काहीच नव्हतं. "रोडला लागून आहेत ना, ते दोन एकर काढायचे म्हणतोय," ते म्हणाले. "पोरीला पायलट व्हायचंय. तुमच्या चार ओळखी आहेत, तुम्ही विचारा. नोकरी लागती का नाही, एवढंच सांगा."

पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर एक कात्रण आलं. येत्या पंधरा-वीस वर्षांत देशाला ३०,००० वैमानिक लागतील, असं केंद्रीय मंत्र्यांनी २०२५ मध्ये सांगितलं होतं, त्याची बातमी. आकड्याभोवती लाल पेनाने गोल केलेला. माझ्या अंदाजाने तो गोल भाचीचा.

भाची पिंपळगाव बसवंतला वाढली. तिथून ओझर जवळ. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना तिथला, सुखोई तिथेच जोडली गेली. आपल्याकडे पोरं ट्रॅक्टरच्या आवाजावरून कंपनी सांगतात, ही अंगणात भांडी घासता घासता वर न बघता विमान सांगते. बारावीला फिजिक्स-मॅथ्स आहे, मार्क बरे आहेत. ताईचं मत कुणी विचारलेलं नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान कोसळलं, त्यानंतर घरात विमानाचा विषय निघाला की ती उठून आत जाते.

तर मी विचारत सुटलो. सदर लिहिणाऱ्याला विमानातलं काय कळतं, हा प्रश्न रास्त आहे. पण विचारायला पैसे पडत नाहीत आणि पायलट लोक जमिनीवर असले की भरपूर बोलतात.

आधी हिशेब. कमर्शियल पायलट लायसन्सला, म्हणजे सगळे म्हणतात त्या सीपीएलला, किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. शिवाय नॅव्हिगेशन, हवामान, नियम, तांत्रिक असे डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे, पेपर, रेडिओचा परवाना आणि मेडिकल. या सगळ्याचा खर्च ४० लाखांपासून सुरू होतो आणि ६० लाखांवर थांबला तर नशीब. त्यानंतर एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ यांपैकी एका जातीच्या विमानाचं टाइप रेटिंग. त्याचे आणखी पंधरा-वीस लाख, आणि तेही बहुतेकदा स्वतःच्या खिशातून. मी ६० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी मांडून पाहिलं. हप्ता महिन्याला ८१ हजारांच्या आसपास येतो. नोकरी लागली तर सहवैमानिकाच्या पगारात तो बसतो. नोकरी लागेपर्यंत तो दोन एकरांत बसतो.

विमान कंपन्यांच्या स्वतःच्या कॅडेट योजना आहेत. तिथे सुरुवातीलाच नोकरीचं पत्र मिळतं, म्हणून पालक खूश असतात. ते पत्र अटींसह असतं आणि खर्च कोटीच्या पलीकडे जातो, हे दोन मुद्दे सेमिनारमध्ये शेवटच्या स्लाइडवर येतात.

आता विमानं किती येणार? भरपूर. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची घोषणा केली, इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिसला ५०० ची, अकासाने जानेवारी २०२४ मध्ये १५० ची. एका विमानामागे साधारण दहा-बारा वैमानिक धरतात. गुणाकार केला की कुणालाही ताबडतोब जमीन विकावीशी वाटेल. शिवाय डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली ती सगळ्यांच्या लक्षात आहेत. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली होती, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली होती, आणि त्या हिशेबाने कंपनीची तयारी कमी पडली. "म्हणजे माणसं कमी आहेतच ना?" दाजी म्हणाले.

कमी आहेत. पण कुठली?

माझा एक शाळासोबती वीस वर्षं विमान चालवतो. त्याने मला हे टिश्यू पेपरवर काढून दाखवलं. कॉकपिटमध्ये दोन खुर्च्या. डावी कॅप्टनची, उजवी सहवैमानिकाची. ओरड असते ती डाव्या खुर्चीची. तिथे बसायला एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं, त्याला १,५०० तास लागतात, आणि वर कंपनीचा विश्वास लागतो. "दोनशे तास बापाच्या पैशाने होतात," तो म्हणाला, "पंधराशे कंपनीने होऊ दिले तर होतात." उजव्या खुर्चीसाठी मात्र दोनशे तासवाल्यांची रांग आहे. डीजीसीएने २०२२ मध्ये १,१६५ सीपीएल दिली, २०२३ मध्ये १,६२२. त्यातली सगळी त्याच वर्षी कामाला लागली असतील असं मला एकही पायलट म्हणाला नाही.

हे काही नवीन नाही. २००३ ते २००६ या तीन वर्षांत एअर डेक्कन, स्पाइसजेट, किंगफिशर, गोएअर, इंडिगो अशा एकामागून एक कंपन्या उडायला लागल्या. तेव्हाही वैमानिक मिळत नाहीत म्हणून बातम्या होत्या, परदेशातून कॅप्टन आणले जात होते. घराघरांतून पोरं फ्लाइंग क्लबला गेली, अमेरिकेला गेली. लायसन्स घेऊन परतली तोवर २००८ उजाडलं होतं. तेल भडकलं, मंदी आली, भरती थांबली. कॅप्टन परदेशी आणि सहवैमानिक घरी बसलेले, असं दृश्य त्यानंतर बराच काळ होतं.

हे मी दाजींना सांगत होतो, लांबलचक, आलेख वगैरे डोळ्यांपुढे ठेवून. ते मध्येच म्हणाले, "कांदाच आहे म्हणा ना."

बरोबर कांदाच. लासलगावला भाव चढला की सगळा तालुका कांदा लावतो आणि तो निघेपर्यंत भाव खाली आलेला असतो. लायसन्स निघायला दोन वर्षं लागतात, कधी तीन. आज पेपरात वाचून लावलेलं पीक कुठल्या बाजारात उतरेल, हे पेपरात नसतं. दाजींनी त्यात स्वतःची भर घातली. "उन्हाळ कांदा चाळीत पाच महिने थांबतो, भाव बघून काढता येतो. लाल कांद्याला थांबता येत नाही." हे त्यांनी सहज म्हटलं, पण मला पुढे एका मुलीला भेटल्यावर त्याचा अर्थ कळला.

ती मुलगी पुण्याची. सीपीएल होऊन दीड वर्ष झालंय. सध्या ग्राउंड क्लासमध्ये हवामान शिकवते. तिने लॉगबुक दाखवलं. जाड पुठ्ठ्याची, आडव्या पानांची वही. तारीख, व्हीटीपासून सुरू होणारा विमानाचा नंबर, कुठून कुठे, किती वेळ, सोबत कोण. पहिल्या सोलोच्या ओळीखाली तिने स्केचपेनने रेघ मारली आहे. पान उलटलं तर अख्ख्या जुलैत दोनच ओळी, एक पन्नास मिनिटांची, एक एक तास पाच मिनिटांची. पावसाळा होता का? "पावसाळा होताच. पण चारांपैकी दोन विमानं सुट्या भागांसाठी उभी होती, आणि आम्ही पोरं साठ." तिच्या संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. सगळीकडे असंच असतं असंही नाही. मात्र दोनशे तासांना तिला तीन वर्षं लागली, आणि त्या काळात एका कंपनीची मोठी भरती येऊन गेली.

आता तिचं लायसन्स आहे, पण लायसन्स कपाटात ठेवून चालत नाही. दरवर्षी क्लास वन मेडिकल. उपकरणांवर उडण्याची चाचणी वेळच्या वेळी. हात चालू राहावा म्हणून अधूनमधून पैसे भरून उड्डाण किंवा सिम्युलेटर. यालाच ते "करंट राहणं" म्हणतात, आणि जाहिरात निघते तेव्हा करंट असलेलाच अर्ज करू शकतो. पगार नसताना करंट राहायचं, म्हणजे लाल कांदा चाळीत ठेवायचा. ती हे हसत सांगत होती. मला हसता आलं नाही.

बरं, नोकरी लागली म्हणजे सुटलो का? शाळासोबत्याकडे पुन्हा जातो. त्याची आधीची कंपनी बंद पडली. नाव नको, बंद पडलेल्यांत निवडायला भरपूर आहेत: किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, जेटचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलं, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये इंजिनांच्या नावाने बोटं मोडत जमिनीवर बसली. पायलटचं सगळं आयुष्य एका आकड्यावर चालतं, सिनिऑरिटी नंबर. कुठल्या शहरात राहायचं, दिवाळीला सुट्टी मिळणार का, डावी खुर्ची कधी, सगळं त्या आकड्यावर. कंपनी बंद झाली की अनुभव राहतो, नंबर जातो. नव्या कंपनीत रांगेच्या शेवटी उभं राहायचं. हा त्रेचाळिसाव्या वर्षी उजव्या खुर्चीत बसला, शेजारी त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान कॅप्टन.

कॅप्टनच्या खांद्यावर चार पट्ट्या असतात, सहवैमानिकाच्या तीन. वहिनींनी चार पट्ट्यांची जोडी शिलाईच्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवून दिली होती. तीन वर्षांनी त्याला पुन्हा कमांड मिळाली तेव्हा त्यांनी ती बाहेर काढली. नव्या कंपनीच्या पट्ट्या रुपेरी निघाल्या आणि डब्यातल्या सोनेरी. डबा पुन्हा बंद झाला. "तू परत हेच करशील का?" मी विचारलं. "हेच करीन," तो म्हणाला, "पण कर्ज नसताना."

भाचीला मी हे सगळं सांगितलं. ती डगमगली नाही, हे कबूल केलं पाहिजे. ताईचा प्रश्न वेगळा होता: मुलीच्या जातीला घेतात का? घेतात. आपल्याकडे वैमानिकांत बायकांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे, जगात इतकं फार थोड्या देशांत असेल. आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं फॉकर फ्रेंडशिप कोलकात्याहून सिलचरला गेलं तेव्हा सगळा कर्मचारीवर्ग बायकांचा होता आणि डाव्या खुर्चीत कॅप्टन सौदामिनी देशमुख होत्या. ताई हे ऐकून आत गेली नाही. तिथेच बसून राहिली.

माझं मत विचाराल तर असं आहे. पोरीने पायलट व्हावं. दोन एकर मात्र आज विकू नयेत, कारण आज त्या पैशांची गरजच नाही. आपल्याकडे उलटा क्रम चालतो. आधी जमीन विकतात, मग फी भरतात, मग मेडिकलला जातात आणि तिथे रंगांधळेपणा निघतो. तो अभ्यासाने जात नाही. आधी क्लास टू, मग क्लास वन मेडिकल. दोन्हींचा खर्च हजारांत आहे. त्यात पास झाली की घरी राहून पेपर द्यावेत, सोबत बीएस्सीचं ॲडमिशन असू द्यावं. पेपर सुटले की मग शाळा बघायची, आणि ती बघायचं काम दाजींचं. द्राक्षाची रोपं आणायला जातात तेव्हा ते नर्सरीवाल्याचं माहितीपत्रक बघत नाहीत, मागच्या वर्षी कुणी नेली त्याच्या बागेत जातात. तसंच इथे. विमानं किती आहेत हे विचारू नका, आज सकाळी किती उडाली ते विचारा. मागच्या बॅचच्या पोरांना गाठा आणि त्यांच्या लॉगबुकातलं जुलैचं पान मागा. सगळी फी एकदम भरली तर थोडी सूट मिळते. ती सूट नको.

एक वाट बिनपैशाची आहे. खडकवासल्याची एनडीए २०२२ पासून मुलींना खुली झाली. हवाई दल शिकवायचे पैसे घेत नाही, उलट पगार देतं. मुलींसाठी उड्डाणाच्या जागा बोटावर मोजण्याइतक्या आहेत, पण फॉर्म भरायला काय जातं? भाचीने तो भरलाय, मला न सांगता. सुखोईचा आवाज ओळखणाऱ्या पोरीने तो भरला नसता तरच नवल.

मंगळवारी तिची क्लास टू मेडिकल आहे. ताई सोबत जाणार आहे. जमिनीचा एजंट परवा पुन्हा आला होता, दाजींनी त्याला दिवाळीनंतर ये म्हणून सांगितलंय.