शंभरांपैकी शहाऐंशी

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात तपासणी समिती यायची होती. तारीख दोन महिने आधी कळलेली. मग काय विचारता! भिंतींना रंग लागला, ग्रंथालयातल्या कपाटांवरची धूळ झटकली गेली, जिन्याखालची मोडकी बाके कुठेशी अदृश्य झाली. आणि मुलींच्या स्वच्छतागृहातल्या ज्या नळाला मी प्रवेश घेतल्यापासून कधी पाणी पाहिले नव्हते, त्याला चक्क धो धो पाणी आले. समिती आली, सगळे पाहिले, समाधान व्यक्त करून गेली. पुढच्या सोमवारी नळ पुन्हा कोरडा! आम्ही मुली हसलो आणि पहिल्यासारख्या व्हरांड्यातल्या टाकीतून बादली भरून आणू लागलो.

ही हकीकत मी घरी पडवीत बसून रंगवून सांगत होते. माझा मावसभाऊ तेव्हा सुट्टीवर आला होता. तो बोटीवर असतो. बोटीवर म्हणजे हजारो प्रवासी सहलीला नेणाऱ्या मोठ्या क्रूझ जहाजावर. आमच्या वेंगुर्ले तालुक्यात आणि पलीकडे गोव्यात अशी घरे पुष्कळ आहेत. गोव्यात अशा माणसाला 'तारवटी' म्हणतात. दादा जहाजाच्या भटारखान्यात भांडी घासतो, फरशा पुसतो, कचरा वेगळा करतो. माझे ऐकून तो हसला आणि म्हणाला, "आमच्याकडे तारीख सांगून कोण येत नाही गो. सकाळी बोट धक्क्याला लागते आणि शिडीवरून ते वर येतात. मग सगळीकडे एकच आरोळी, यू.एस.पी.एच. आली!"

हे यू.एस.पी.एच. काय प्रकरण आहे, म्हणून मी विचारत गेले, मग वाचत गेले. त्यातून जे सुचले ते वाचकांपुढे ठेवते.

आपल्याकडे दर्यावर्दी माणसाच्या सरकारी नोंदवहीला सी.डी.सी. म्हणतात. योगायोग असा की, त्याच तीन अक्षरांनी ओळखले जाणारे रोगनियंत्रण केंद्र अमेरिकेत आहे, आणि दादाच्या जातभाईंना नोंदवहीइतकाच त्या केंद्राचाही धाक असतो. प्रवासी जहाजांवर उलट्या-जुलाबांच्या साथी होऊ लागल्या, तेव्हा या केंद्राने 1975 साली जहाजांच्या स्वच्छतेचा एक कार्यक्रम सुरू केला. परदेशाहून अमेरिकन बंदरात येणारे आणि तेरा किंवा अधिक प्रवासी नेणारे जहाज त्याच्या कक्षेत येते. साधारणतः वर्षातून दोनदा, पूर्वसूचना न देता, तपासनीस जहाजावर चढतात. पिण्याचे पाणी, पोहण्याचा तलाव, भटारखाना, दवाखाना, मुलांची खेळायची जागा, हवा खेळती ठेवणारी यंत्रणा, सगळे तपासतात. थंड ठेवायचे अन्न 5 अंश सेल्सियसच्या वर नको, गरम ठेवायचे 57 अंशांच्या खाली नको. शेवटच्या नळाला येणाऱ्या पाण्यातही क्लोरीनचा ठरावीक अंश सापडलाच पाहिजे. शंभर गुणांतून एकेका दोषाचे गुण वजा होत जातात. शहाऐंशी किंवा जास्त उरले तर उत्तीर्ण. पंचाऐंशी आले तरी नापास! आपल्या विद्यापीठाने हा नियम लावला तर पदवीदान समारंभ एका बाकावर उरकेल.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे निकाल कोणाच्या कपाटात जात नाही. कोणत्या जहाजाला किती गुण मिळाले, कोणत्या कपाटामागे काय सापडले, हे कोणालाही वाचता येते. जहाज बंदरात येण्याआधी किती जणांचे पोट बिघडले याचा आकडा कळवावा लागतो. एकही रुग्ण नसला तरी 'शून्य' असे कळवावे लागते. प्रवाशांपैकी किंवा नोकरवर्गापैकी शेकडा तीन जण आजारी पडले, तर तेही जाहीर होते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. वर्तमानपत्रांत जहाजांवरच्या साथींच्या बातम्या वाचून आपल्याला वाटते, ही जहाजे म्हणजे रोगांची आगरेच. पण बहुतेक वेळा या साथींना कारण होणारा नोरोव्हायरस जमिनीवरही तितकाच मोकाट असतो. अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या त्याच्या साथींपैकी जहाजांवरच्या साथी शेकडा एक इतक्याच असतात, असे तेच केंद्र सांगते. जहाजावरची माणसे मोजली जातात म्हणून दिसतात. आमच्या गावात लग्नाच्या पंगतीनंतर अर्धी आळी आडवी झाली, तर आपण 'बासुंदी बाधली' म्हणतो आणि विषय संपवतो. मोजदाद करणाऱ्याचीच बदनामी व्हावी, हा न्याय उफराटा आहे.

इथवर वाचून वाचक म्हणतील, मग काय, आदर्श व्यवस्था! मलाही तसेच वाटले होते. तसे मी दादाला म्हणालेही. तेव्हा तो जरा वेळ गप्प राहिला. मग त्याने मला जे सांगितले, ते त्याने मावशीलाही कधी सांगितलेले नाही. इथे लिहायला त्याने परवानगी दिली आहे.

पहिल्याच करारातल्या दुसऱ्या महिन्यात त्याचे पोट बिघडले. रात्रीतून चार वेळा उठला. नियम त्याला पाठ होता. अन्नाशी संबंध येणाऱ्या कामगाराने ताबडतोब दवाखान्यात कळवायचे. मग त्याला वेगळे ठेवतात आणि लक्षणे थांबल्यावर पुढचे 48 तास कामाला हात लावू देत नाहीत. नियम उत्तम आहे. या विषाणूला फारच थोडी लागण पुरते, आणि हाताला चोळायच्या अल्कोहोलला तो पुरता दाद देत नाही. साबण-पाण्याने हात चोळून धुणे आणि आजारी माणूस स्वयंपाकघरापासून दूर ठेवणे, हेच खरे उपाय. हे सगळे ठाऊक असून दादा सकाळी उठला, तोंड धुतले आणि भांडी घासायला उभा राहिला.

"का रे?" मी विचारले. माझ्या आवाजात धार आली असावी.

तो म्हणाला, "पगार कापत नाहीत गो, कागदावर काही कापत नाहीत. पण मी झोपलो की माझे काम बाजूच्या दोघांवर. वरचा साहेब तोंडाने काही बोलत नाही, वहीत लिहितो. करार संपला की पुढचे बोलावणे यायचे की नाही, ते त्या वहीवर. एजंटाला दिलेले पैसे अजून फिटायचे होते. घरावर कौले नव्हती." तिसऱ्या दिवशी त्याच्याच खोलीतला दुसरा मुलगा आजारी पडला. तो आपल्यामुळे पडला की कसा, हे दादाला कधीच कळणार नाही. त्याच आठवड्यात तपासणी झाली आणि जहाजाला उत्तम गुण मिळाले. फरशी लखलखीत होती, थर्मामीटरच्या नोंदी चोख होत्या. पुसणारा माणूस मात्र आजारी होता आणि त्याची नोंद कुठेच नव्हती.

दादा चुकला, यात शंका नाही. पण त्याला दोष देऊन हात झटकायला माझे मन तयार होत नाही. त्याला खरे बोलणे परवडत नव्हते, हा दोष कोणाच्या खात्यावर मांडायचा?

माझ्या मते प्रश्नाचे मूळ इथे आहे. तपासणी कितीही कडक असो, ज्याच्या हातात फडके आहे त्याला जर खरे सांगायची भीती वाटत असेल, तर ती तपासणी अर्धीच होते. भीतीच्या पोटी लपवाछपवी जन्माला येते, आणि साथीचा रोग लपवाछपवीवरच पोसतो.

2013 सालच्या जून महिन्यातले एक प्रकरण जगजाहीर आहे. अलास्कातल्या स्कॅगवे बंदरात 'सिल्व्हर शॅडो' या जहाजावर तपासनीस गेले. त्यांना नोकरांच्या झोपायच्या खोल्यांत काय सापडावे? दूध, चीज, कच्चे मांस, शिजवलेले पदार्थ, भांडी-उपकरणे. पंधरा ट्रॉल्या भरतील इतके सामान तपासनिसांच्या नजरेआड ठेवलेले! जहाजाला ब्याऐंशी गुण मिळाले, म्हणजे ते नापास झाले. पण हे बाहेर कसे आले? बोटीवरच्या कर्मचाऱ्यांनीच तक्रार पोचवली होती, असे त्या वेळच्या बातम्यांत आले. ज्यांच्या बिछान्याशेजारी ते मांस ठेवले गेले, त्यांनीच तोंड उघडले. थर्मामीटरला खोली दाखवावी लागते. माणूस स्वतः खोली दाखवतो.

आपल्या इतिहासातही हा धडा आहे. 1896 साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग दिसला. पुढे तो पुण्यात पोचला आणि 1897 साली रँडच्या हाताखाली घरोघर झडत्या सुरू झाल्या. गोरे सोजीर घरात घुसत, माणसे उचलून नेत. रोग आटोक्यात आणणे हा हेतू होता, हे मान्य केले तरी झाले काय? लोकांनी आजारी माणसे लपवली, प्रेतेही लपवली. ज्याची तपासणी होते त्याला जिथे आवाज नसतो, तिथे तो आपल्या परीने दार लावून घेतो. सोजिराची बंदूक आणि साहेबाची वही यांत फरक पुष्कळ आहे. पण दोन्हींपुढे माणूस गप्प बसतो आणि आजार आत राहतो.

आणि नोकराचे आरोग्य हे प्रवाशाच्या आरोग्याहून वेगळे नसते, हे 2020 साली सगळ्या जगाने पाहिले. जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' जहाज अडकले, त्यावर 3,711 माणसे होती. 5 फेब्रुवारीपासून प्रवाशांना आपापल्या खोल्यांत राहायला सांगितले. पण त्यांच्या दारापर्यंत जेवण कोणी पोचवायचे? अर्थात नोकरवर्गाने. ते दाटीवाटीच्या खोल्यांत झोपत होते, एकत्र जेवत होते आणि दारोदार ताटे नेत होते. जहाजावरच्या 138 भारतीयांपैकी 132 जण नोकरवर्गातले होते. एकूण सातशेहून अधिक लोकांना लागण झाली. विलगीकरण वरच्या मजल्यावर पाळायचे आणि खालच्या मजल्यावर नाही, असे साथीला सांगून भागत नाही.

कोणी म्हणेल, कायदे आहेत की! आहेत. 2006 च्या सागरी कामगार कराराला भारताने 2015 साली मान्यता दिली आहे, आणि आजारी खलाशी जहाजावर असेपर्यंत त्याला पूर्ण वेतन द्यावे, असे त्यात स्पष्ट आहे. आपल्या मुंबई आणि मुरगाव बंदरांतही बंदर-आरोग्य अधिकारी आहेत. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणे जहाजाला स्वच्छतेचे प्रमाणपत्र लागते आणि त्याची मुदत सहा महिन्यांची असते. प्रमाणपत्र हवेच. पण त्यात साहेबाच्या वहीचा रकाना नसतो. 'गेल्या सहा महिन्यांत आजारपण कळवलेल्या किती कामगारांना पुढचे बोलावणे आले?' हा एक प्रश्न तपासनिसांनी विचारावा, आणि त्याचे उत्तर गुणांसारखेच जाहीर करावे, असे मला मनापासून वाटते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. तपासणीच नको, मालकांच्या सद्भावनेवर सोडा, असे म्हणणारे असतातच. हा अमेरिकन कार्यक्रम 1986 साली काही काळ गुंडाळला गेला होता. तक्रारी झाल्या आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा उभा करावा लागला. 2025 च्या एप्रिलमध्ये तिथल्या आरोग्यखात्यात मोठी कपात झाली, तेव्हा या कार्यक्रमातल्या पूर्णवेळ कर्मचाऱ्यांनाही कमी केल्याच्या बातम्या आल्या. गंमत अशी की, या तपासणीचा खर्च जहाजांकडून घेतलेल्या शुल्कातून भागतो. म्हणून माझे म्हणणे कोणी 'तपासणी निरुपयोगी' असे वाचू नये. न सांगता येणारी आणि उघड निकाल लावणारी तपासणी हवीच हवी. तिने आणखी एक पायरी खाली उतरावे, एवढेच माझे मागणे आहे.

खाली म्हणजे कुठे, ते सांगून लेख संपवते. आमच्या महाविद्यालयात आलेली समिती प्राचार्यांशी बोलली, प्राध्यापकांशी बोलली, निवडक विद्यार्थ्यांशीही बोलली. स्वच्छतागृह साफ करणाऱ्या मावशींना मात्र त्या दिवशी मागच्या दाराशी बसवून ठेवले होते. परवा मी त्यांना सहज विचारले, "मावशी, त्या नळाचे नेमके काय झालेय?" त्या म्हणाल्या, "वरच्या टाकीचा कॉक गळतो, म्हणून बंद ठेवतात. मला दोन वर्षे माहीत आहे. पण मला कोणी विचारले नाही, आणि आपण होऊन बोलले तर म्हणतील, हिला काम नको."

दादाचेही शब्द जवळजवळ हेच होते. तो पुढच्या महिन्यात पुन्हा बोटीवर जाणार आहे. या वेळी बरे नसले तर सांगेन, असे त्याने मला वचन दिले आहे. ते पाळणे त्याला परवडो, अशी माझी प्रार्थना आहे. आणि मावशींच्या कॉकविषयीचा अर्ज, पंचवीस मुलींच्या सह्यांनिशी, आम्ही काल कार्यालयात दिला.