मागची स्लिप

परवा सकाळी अंगणात कुरडया वाळत घालत होते तेवढ्यात फोन आला. पुण्याहून, नोकरभरती करणाऱ्या मुलीचा. "मॅडम, मेनफ्रेमचे पंधरा वर्षांच्या वरचे लोक मिळतच नाहीत हो. तुमचा रेझ्युमे बघून इतकं बरं वाटलं!"

मलाही बरं वाटलं. चार वर्षांच्या खंडानंतर कुणालाही वाटेल. कोबॉल, जेसीएल, डीबीटू, सगळं विचारून झालं. मग मुद्द्याचा प्रश्न आला. करंट सीटीसी?

म्हटलं, करंट काही नाही. बाबांच्या आजारपणासाठी २०२१ मध्ये नोकरी सोडून वाशिमला आले. "मग शेवटची स्लिप?" अठरा लाख. "एक्स्पेक्टेड?" तीस. तिकडे जरा शांतता. "मॅडम, शेवटच्या सीटीसीवर पंचवीस टक्क्यांच्या वर जाता येत नाही. पॉलिसी आहे. शिवाय तुम्ही वाशिमहून काम करणार ना, तिथे खर्च पण कमी असतो."

त्या मुलीवर माझा राग नाही. ती पंचविशीची असेल, तिला वरून जे सांगितलंय तेच ती बोलते. राग आहे तो त्या पॉलिसीवर. पाच मिनिटांपूर्वी माणूस "मिळत नाही" म्हणून जो रडत होता, तोच पाच मिनिटांनंतर माणसाचं मोल गेल्या खेपेच्या कागदावरून ठरवतो. मग मिळत नाही म्हणजे नेमकं काय मिळत नाही? माणूस, की स्वस्तातला माणूस?

दादाला संध्याकाळी हे सांगितलं. तो दरवर्षी सोयाबीन घेऊन बाजार समितीत जातो. तो हसायलाच लागला. "मागच्या साली कोणत्या भावानं इकलं, हे कोनी अडत्या पुसते का वं? माल पाहते, दाना चावते, ओलावा मोजते अन् बोली लावते."

खरंच की! अर्थात बाजार समिती म्हणजे काही स्वर्ग नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि आमच्याकडे कितीतरी माल त्याच्या खालीच गेला. ओलाव्याच्या नावाखाली काय काय कापलं जातं ते दादाला विचारा. पण लुबाडायचं तरी ते समोरच्या मालाकडे बघून लुबाडतात. आमच्या धंद्यात ढिगाकडे कुणी बघतच नाही, गेल्या सालची पावती मागतात.

आता ज्या नातेवाइकांना मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी थोडंसं. (बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.) बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांचे मोठे हिशेब अजूनही मेनफ्रेमवर चालतात. कोबॉल ही भाषा १९५९ ची. आयबीएमचं सिस्टिम ३६० हे घराणं १९६४ चं. यंत्रं मात्र जुनी नाहीत हो, आयबीएमने झेड१७ हे नवं मॉडेल २०२५ मध्ये आणलं. जुने आहेत ते प्रोग्रॅम. कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेले, शंभर जणांनी ठिगळं लावलेले, आणि तरीही रोज रात्री बिनचूक चालणारे.

आणि मग एखाद्या रात्री चालत नाहीत. (त्यांची रात्र म्हणजे आपली सकाळ.) मी पुण्यात असताना एका अमेरिकन विमा कंपनीचं काम होतं. महिनाअखेर, आणि हप्ते कापून घेणारा जॉब अर्ध्यात पडला. एस०सी७. म्हणजे जिथे आकडा हवा तिथे भलतंच काहीतरी आलं. आमच्याकडचा एक हुशार मुलगा म्हणाला, फाइल साफ करून पहिल्यापासून चालवू. वाचायला सोपं आहे. पण पहिल्यापासून चालवला असता तर ज्यांचे हप्ते आधीच कापले गेले होते त्यांचे दुसऱ्यांदा कापले गेले असते. कोणत्या पायरीपासून उचलायचा, कोणती नोंद बाजूला ठेवायची आणि बाजूला ठेवली तर शेवटची बेरीज कुठे चुकेल, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नव्हतं. ते माझ्या आणि आणखी एकाच्या डोक्यात होतं. दुपारी दोनला जॉब संपला, मी थंडगार डबा उघडला. तिकडच्या लोकांना काही झालं होतं हे कळलंही नसेल.

याला अनुभव म्हणतात. त्याची किंमत त्या स्लिपवर कधीच नव्हती. मी १९९९ मध्ये शेगावहून इंजिनिअरिंग करून वायटूकेच्या लाटेत पुण्याला गेले. पुढे एकाच कंपनीत सोळा वर्षं काढली, दर वर्षी सात-आठ टक्के वाढ घेत. दर दोन वर्षांनी उडी मारणाऱ्यांच्या स्लिपा माझ्या दीडपट झाल्या. म्हणजे एका जागी राहून ती व्यवस्था आतून शिकणं, ज्यासाठी आज मला फोन येतो, त्याचाच दंड मी भरतेय. वर बाबांची चार वर्षं सेवा केली, त्याचाही.

गंमत पुढेच आहे. ज्यांचं काम आपण करतो त्यांच्या देशात हा प्रश्न विचारायला बऱ्याच ठिकाणी बंदी आहे. मॅसॅच्युसेट्सने २०१६ मध्ये तसा कायदा केला, तो जुलै २०१८ पासून लागू झाला. कॅलिफोर्नियात जानेवारी २०१८ पासून. युरोपीय महासंघाने २०२३ मध्ये निर्देश काढून सदस्य देशांना ७ जून २०२६ पर्यंतची मुदत घातली: उमेदवाराला मागचा पगार विचारायचा नाही, आणि या जागेचा पगार किती ते आधी सांगायचं. म्हणजे बोस्टनच्या बाईला जे विचारणं बेकायदा, ते तिच्याच कंपनीच्या कामासाठी वाशिमच्या बाईला बिनदिक्कत विचारायचं.

आणि हा "खर्च कमी" चा मुद्दा! वाशिममध्ये बसून सोडवला म्हणून तो जॉब क्लायंटला स्वस्तात पडतो का? क्लायंटकडून तासाचे किती डॉलर घेतात ते आम्हाला कुणी सांगत नाही. आमच्या किराण्याची चौकशी मात्र अगत्याने. इथे वीज गेली की इन्व्हर्टर माझा, एक लाइन बंद पडली तर दुसरी लाइनही माझीच.

कुणी म्हणेल, आता एआय कोबॉल वाचतं, तुमचे दिवस भरले. असेल. मी वापरून पाहिलंय, बरंच बरं वाचतं. पण मग मला फोन कशाला? गरज नसेल तर करू नका. गरज आहे म्हणून करायचा आणि गरज संपणार म्हणून भाव पाडायचा, हे दोन्ही एकदम कसं चालेल? एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबॉल येणाऱ्यांना हाक मारली होती, बेकारभत्त्याच्या जुन्या यंत्रणेवर ताण आला म्हणून. हाक कुणाला, तर स्वयंसेवकांना! इतकी निकड, आणि तरी पहिला विचार फुकटाचा.

माझा पुतण्या यंदा कॅम्पसमधून लागला. त्याला ट्रेनिंगसाठी मेनफ्रेम दिलंय आणि घरात सुतक असल्यासारखं वातावरण आहे. "आत्या, तू सांग, घेऊ का?" त्याला काय सांगू? काम चांगलं आहे, डोक्याला खाद्य आहे, हे खरंय. आणि वीस वर्षांनी त्यालाही कुणी असंच "मिळत नाही हो" म्हणत स्लिप मागेल, हेही खरंय. मी त्याला दोन्ही सांगितलं. आणि म्हटलं, घे; पण भाव आधी त्यांना सांगायला लाव.

तुमच्यापैकी बरेच जण भरतीच्या खुर्चीत बसता, म्हणून इथे लिहितेय. जाहिरातीत आकडा छापा. "बेस्ट इन इंडस्ट्री" नको, आकडा.

काल त्या मुलीला मेल टाकली. स्लिप पाठवणार नाही, म्हटलं. या जागेचं बजेट सांगा, आणि हवी तर परीक्षा घ्या, पडलेला जॉब द्या, उचलून दाखवते. सकाळी उत्तर आलं. मॅनेजरशी बोलून कळवते म्हणाली, आणि खाली एक ओळ: "मॅम, तोपर्यंत लास्ट थ्री मंथ्सच्या स्लिप्स पाठवून ठेवाल का?"