१४७ नंबरची दोन कूपने

परळच्या भोईवाड्यात, टाटा आणि केईएम रुग्णालयांच्या आसपास, बाहेरगावच्या पेशंटांचे नातेवाईक अनेक महिने मुक्काम करून असतात. गेल्या रमजानमध्ये आम्ही काही घरांनी मिळून त्यांच्यासाठी इफ्तारची पाकिटे करायचे ठरवले. गोंधळ नको म्हणून प्रत्येकाला नंबरचे कूपन. यादी कॉम्प्युटरवर होती, नंबर मात्र एकेक करून हाताने टाकलेले. तीनशेच्या वर नावे. रात्री उशिरा मधेच सहा नावे वाढली आणि पुढचे नंबर बदलताना १४७ दोनदा पडला.

दुसऱ्या दिवशी मगरिबच्या जरा आधी रत्नागिरीकडच्या एक खाला कूपन घेऊन आल्या. पाकिटे वाटणारा मुलगा म्हणाला, "खाला, या नंबरचं पाकीट गेलंय." त्या काही न बोलता मागे फिरल्या. आम्ही धावत जाऊन पाकीट दिले, माफी मागितली. पण चार लोकांसमोर त्या खोट्या ठरल्या होत्या, आणि चूक आमची होती.

मग आम्ही नीट शिकून घेतले. 'शोधा आणि बदला' ही नेहमीची सोय इथे उपयोगाची नाही. तिला एका खुणेच्या जागी १ घालायला सांगितले, तर ती तीनशे ठिकाणी १ च घालते. तिला मोजता येत नाही. मोजणारी सोय वेगळी असते.

नोटपॅड प्लस प्लस हा एडिटर फुकट मिळतो. त्यात एका ओळीवर एकच नाव लिहावे, नावाआधी एक मोकळी जागा सोडावी. पहिल्या ओळीच्या अगदी सुरुवातीला कर्सर ठेवून आल्ट आणि शिफ्ट दाबून धरावे आणि खालच्या बाणाने शेवटच्या नावापर्यंत जावे. मग आल्ट आणि सी दाबले की 'कॉलम एडिटर' उघडतो. तिथे नंबरचा पर्याय निवडून सुरुवात १, वाढ १ असे भरावे. पुढे शून्ये लावायला सांगितले तर ००१, ००२ असे सारख्या रुंदीचे नंबर येतात. यादी बदलली तर ती पट्टी एकदम पुसून नवे नंबर घालता येतात. मधे रिकामी ओळ मात्र नको, तिलाही नंबर मिळतो.

व्हिम या एडिटरमध्येही अशी सोय आहे. ब्राम मूलेनार यांनी तो १९९१ मध्ये लोकांसाठी खुला केला. पैसे न मागता, जमल्यास युगांडातल्या गरजू मुलांना मदत करा, अशी विनंती त्यांनी वापरणाऱ्यांना केली.

एक पथ्य आम्ही आता पाळतो. कूपन हातात पडेपर्यंत नंबर कितीही वेळा बदलावेत. वाटल्यावर एकही बदलू नये. उशिरा आलेले नाव यादीच्या शेवटी. दिलेला नंबर म्हणजे दिलेला शब्द. येत्या रमजानला, इन्शाअल्लाह, १४७ एकदाच येईल.